गाणारा दम घेतो तेव्हा

आमच्या प्राजक्ता सोसायटीत एक जुनं कोळीगीत सगळ्यांना पाठ होतं, पण अर्धंच. नवरा होडी घेऊन समुद्रात गेला, बायको किनाऱ्यावर उभी राहिली, वारा फिरला, आणि मग? मग काय झालं ते इथे कुणालाच सांगता आलं नसतं. वसईतल्या इतर लोकांना ठाऊक असेलही. आमच्या सोसायटीपुरती ती होडी कित्येक वर्षं समुद्रातच होती.

त्याचं कारण तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीला लागून असलेल्या दुसऱ्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी उभं असायचं. पास्कल अंकल. वारा फिरला की त्या गाण्यातली गाणारी बाई जरा थांबते आणि नुसती ढोलकी, टिमकी आणि खंजिरी वाजते. जेमतेम दहा-बारा सेकंद. बाई पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात अंकल तिथेच गाणं तोडतात आणि ढोलकी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ती संपते न संपते तोच पुन्हा. पुन्हा. खालच्या अंगणात पोरं घामाने निथळेपर्यंत ती ढोलकी थांबत नाही आणि ती बाई गात नाही.

"गाणारा दम घेतो ना, बाय, तेव्हा खरं गाणं सुरू होतं," अंकल म्हणतात. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही ते पाठ झालं असावं.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. टँकर कधी येणार, गच्ची कुणी झाडायची, लिफ्टवाल्याला फोन कुणी करायचा, याच्या याद्या माझ्या फ्रिजवर असतात. माणसंही मी मनातल्या मनात रकान्यांत घालते: वेळेवर येणारी, मीटिंगला न येणारी, मीटिंगला येऊन फक्त चहा पिणारी. पास्कल अंकलना मात्र कुठल्याच रकान्यात बसवता आलं नाही. शेवटी तो नाद सोडला.

अंकल सत्तरी ओलांडलेले, उंच, काटकुळे. शर्ट कडक इस्त्रीचा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. मूळचे वसईतल्याच होळी गावचे. त्यांच्या वाडीत पानवेल होती, केळी होत्या, पण अंकलना वाडीपेक्षा विहिरीवरच्या मोटारीत रस. त्यामुळे वीजकाम शिकले, बोटीवर गेले आणि जगभर फिरून निवृत्तीनंतर आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. सोबत फिलोमिना आंटी. आंटी अगदी शांत. राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडे केळीच्या सोपात गुंडाळलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवली होती. चार-पाच वर्षांत त्या गेल्या. मुलगा परदेशात. अंकलनी मग सोसायटीकडे ती रिकामी खोली मागितली. पूर्वी तिथे वॉचमन राहायचा. कुणाची हरकत नव्हती. तोपर्यंत कुणी पेट्या पाहिल्या नव्हत्या.

पेट्या म्हणजे स्पीकर. प्लायवूड आणून अंकलनी ते खोलीतच बसून बनवले, एकेक कपाटाएवढा. बनवून झाल्यावर लक्षात आलं की दारातून ते बाहेर निघतच नाहीत. जन्मभर बोटींवर काम केलेल्या माणसाने हे मोजायला नको होतं का, असं मी विचारलं. अंकल म्हणाले, "बाहेर कशाला काढायचे? दार उघडलं की आवाज आपोआप बाहेर जातो. त्याला मोजमाप लागत नाही."

आणि दोन प्लेयर, तबकड्या वाजवायचे. प्रत्येक तबकडीच्या दोन प्रती. एका तबकडीवरची ढोलकी संपली की दुसरीवरची सुरू, आणि ती वाजेपर्यंत पहिली हाताने उलटी फिरवून पुन्हा जागेवर आणायची. डावा हात, उजवा हात, डावा हात. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला बघायला मजा वाटते, बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला तितकी नाही.

मध्यंतरी सोसायटीत एक कुजबूज सुरू झाली होती. नाक्यावरच्या कटलरीच्या दुकानात पास्कल अंकल टिकल्यांची पाकिटं घेताना दिसले. एकदा नव्हे, दोन-तीनदा. लाल, मोठ्या टिकल्या. "फिलोमिना आंटी तर टिकली लावत नव्हत्या हो," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाल्या. "मग हे घेतायत कुणासाठी?" पुढचे पंधरा दिवस सोसायटीतल्या झाडून सगळ्या एकट्या बायकांच्या कपाळाकडे लोक बारकाईने बघत होते.

शेवटी मीच विचारलं. सेक्रेटरीने विचारायचं नाही तर कुणी?

अंकलनी मला खोलीत नेऊन तबकडी दाखवली. मधल्या कागदी गोलावर, कडेला, लाल टिकली. "हा घड्याळाचा काटा समज. टिकली इथे आली की ढोलकी सुरू. दोन्ही हात गुंतलेले असतात, ऐकून बघायला वेळ कुठे? नजर टाकायची, टिकली दिसली की सोडायचं. तिकडे ते खडूची खूण करायचे. खडू पुसला जातो. आपल्या टिकलीचा डिंक बघ कसा आहे!"

"तिकडे म्हणजे?"

"न्यूयॉर्क," अंकल म्हणाले. नालासोपारा म्हणावं तसं.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. तरुण असताना त्यांची बोट तिथल्या गोदीत दुरुस्तीला लागली होती. किनाऱ्यावरून एक इलेक्ट्रिशियन रोज त्यांच्याबरोबर कामाला यायचा, मूळचा जमैका बेटावरचा. त्याच्या बेटावर म्हणे असल्या पेट्या ट्रकवर घालून चौकात आणायच्या आणि रस्त्यातच नाच. एका शनिवारी तो अंकलना आपल्या वस्तीत घेऊन गेला.

"मला वाटलं, इथे लढाई झाली. बिल्डिंगीच्या बिल्डिंगी जळलेल्या. खिडक्या नाहीत, जिने नाहीत. लोक म्हणायचे, मालकांनीच आग लावली, विम्यासाठी. मधून मोठा हायवे काढला, ज्यांना जमलं ते निघून गेले. उरले ते गरीब. काळे, आणि जवळच्या बेटांवरून आलेले. पोरांना काम नाही, क्लबात आत घेत नाहीत, गल्लीगल्लीत टोळ्या. ह्या गल्लीतला त्या गल्लीत गेला तर मार खाऊन येणार."

"मग नाच कसला?"

"तेच तर! वाजवायला वाद्यं नाहीत, शिकवायला कुणी नाही. पण घरात आईबापाच्या जुन्या तबकड्या होत्या. आणि रस्त्यावर खांब होता." खांब म्हणताना अंकलचा चेहरा उजळतो. "दिव्याचा खांब. खालचं झाकण काढलं, वायर जोडली, झालं. मी तर घाबरलो, म्हटलं अर्थिंग कुठे आहे? कुणी ऐकायला तयार नाही."

तेव्हापासून विजेच्या खांबाबद्दल अंकलना ममता आहे. आमच्याकडे लाइट गेली आणि रस्त्यावरचा दिवा चालू राहिला की ते फाटकाशी जाऊन उभे राहतात. "काय सुंदर खांब आहे गो," म्हणतात. मी तेव्हा त्यांच्या हातात पक्कड नाही ना, एवढं पाहते.

"तबकडी लावणारा पोरगा फार हुशार," अंकल पुढे सांगत होते. "तो तबकडीकडे बघतच नव्हता. नाचणाऱ्यांकडे बघत होता. त्याला कळलं की लोक अख्ख्या गाण्यावर नाचत नाहीत. मधल्या ठेक्याची वाट बघत उभे राहतात. तो आला की तुटून पडतात, संपला की कोपऱ्यात जाऊन उभे. मग तो म्हणाला असणार, जे आवडतं ते एवढंसंच का? तीच तबकडी दुसरी आणली. बास. तिथून सगळं सुरू झालं. आता तुमची पोरं टोपी उलटी घालून फिरतात ना, ते सगळं त्या दोन तबकड्यांतून आलंय."

"आणि ते भराभर बोलतात ते?"

"ते माइकवाल्याचं. लावणाऱ्याचा दोस्त माइक घेऊन उभा असायचा. गात नव्हता. आलेल्याचं नाव घ्यायचा. नाव आणि गल्ली, ठेक्यावर. नंतर त्याला लांबण लागत गेली, यमक जुळवायला लागले, ते रॅप. पण आधी काय होतं? नाव होतं."

 अंकलनी दुसरी तबकडी विनाकारण फडक्याने पुसली.

"बोटीवर इलेक्ट्रिशियनला बत्तीसाब म्हणतात. बत्तीसाब, पंखा चालत नाही. बत्तीसाब, इकडे या. घर सोडून वर्ष होत आलं होतं. माझं नाव फक्त फिलूच्या पत्रात वाचायला मिळायचं. आणि त्या गर्दीत तो माइकवाला माझ्याकडे वळून विचारतो, नाव काय तुझं? कुठला? मी सांगितलं. आणि एवढ्याल्या पेट्यांतून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं... पास्कल, फ्रॉम वसई! लोकांनी हात वर केले गो. मला कोण ओळखत होतं तिथे?"



"चहा आहे का तुमच्याकडे?" अंकलनी विचारलं. गोष्ट संपली होती.

त्यानंतर मला त्यांच्या एका सवयीचा अर्थ लागला. कुणीही भेटलं की अंकल नाव विचारतात, आणि दारावरच्या पाटीवरचं सांगितलं तर ऐकून घेत नाहीत. "पाटीवरचं नको. तुझं." टँकरवाला, कुरिअरवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळ्यांना. मग रविवारी माइकवर ठेक्यात: "रामसूरत, जौनपूरचा! शबाना, मालेगावची! ग्रेसी, पाचूबंदरची!" आमचा वॉचमन रामसूरत दिवसभर 'ए वॉचमन' असतो. रविवारी संध्याकाळी तो फाटकातूनच काठी वर करतो.

मलाही विचारलं होतं, ओळख झाली त्याच आठवड्यात. मी म्हटलं, "सुचेता."

"हे कुणी ठेवलं?"

"सासरी. लग्नात नाव बदलतात आमच्यात."

"मग तुझं?"

हे मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "इंदू," मी म्हटलं. "माहेर आगाशी."

अंकलनी मान डोलावली. पण त्यांच्या माइकवर ते नाव कधी आलं नाही, कारण रविवारी मी कधी अंगणात नसायचे. रविवारी टँकर असतो.

अंकलचे उपकार माझ्यावर आणखीही आहेत. ए विंगमध्ये जुने लोक, ज्यांच्या वाड्यांवर ही बिल्डिंग उभी राहिली ते. बी विंगमध्ये नंतर आलेले. मोठी माणसं पाण्यावरून भांडत आणि पोरं क्रिकेटवरून. एकदा प्रकरण स्टंपने मारामारी करण्यापर्यंत गेलं. मी पालकांची बैठक बोलवायच्या विचारात होते, तेवढ्यात अंकलनी खोलीचं दार उघडलं आणि माइकवर ओरडले, "भांडायचंय ना? भांडण गोलात आणा!" पोरांना गोल उभं केलं, ढोलकी सोडली. ए विंगचा एक आत येऊन नाचणार, मग बी विंगचा एक येऊन त्याला नाचूनच उत्तर देणार. हात लावायचा नाही. "हात लावला की हरला. तिकडच्या टोळ्यांतलीसुद्धा पुष्कळ पोरं असंच भांडायला शिकली," अंकल म्हणाले. त्या संध्याकाळी दोघे गुडघे फोडून घरी गेले, पण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. माझी मुग्धा तेव्हा सातवीत होती. ए विंगतर्फे तिने असं काही लोळून दाखवलं की तो फ्रॉक पुन्हा घालता आला नाही. माझी बैठक वाचली.

एवढा उपयोगी माणूस, पण आमच्या बी विंगमध्ये नाईक सर राहतात.

नाईक सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. माणूस सज्जन. फक्त त्यांची खिडकी अंकलच्या खोलीच्या बरोबर वर. पुष्कळ रविवार त्यांनी सहन केलं आणि मग वार्षिक सभेत तक्रारीचा अर्ज घेऊन उभे राहिले.

"माझी तक्रार आवाजाची नाही," सर म्हणाले. "मांडणीवरच्या वाट्या थरथरतात, थरथरू देत. माझी तक्रार अपूर्णतेची आहे! आयुष्यभर मुलांना सांगत आलो, उदाहरण अर्धवट सोडू नका. आणि इथे दर रविवारी तेच उदाहरण, त्याच पायरीवर अडकलेलं! त्या होडीचं पुढे काय झालं? मी रात्री अंथरुणावर पडून विचार करतो, काय झालं?"

"मोबाइलवर ऐका की सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी का ऐकू? ज्याने उदाहरण फळ्यावर मांडलं त्याने सोडवावं!"

सभा हसली, पण सर हसत नव्हते. आणि सरांच्या बाजूला बरेच लोक होते, रविवारी दुपारी उशिरापर्यंत झोपणारे. ठराव झाला. अंकलनी गाणी पूर्ण वाजवावीत. वाजवणार नसतील तर महिनाअखेर खोली रिकामी करावी.

खोली रिकामी करायची म्हणजे पेट्या फोडायच्या. त्या दारातून निघत नव्हत्या, आणि निघाल्या असत्या तरी दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मावल्या नसत्या. हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरांनाही. ते अंकलकडे वळले. "पास्कलराव, एकदा! फक्त एकदा ते गाणं शेवटपर्यंत वाजवा. मी अर्ज इथेच फाडतो."

मला वाटलं, सुटलं. साडेतीन मिनिटांचं काम.

अंकल उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, किल्ल्यांचा जुडगा. "सर, तक्रार तुमची बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जमणार नाही."

"का जमणार नाही?"

"शेवट माझा नाही, सर."

ह्याचा अर्थ कुणालाच कळला नाही. मी इतिवृत्तात काय लिहायचं ते न सुचून 'सदस्यांनी असमर्थता दर्शवली' असं लिहिलं.

त्यानंतर मी त्यांना चांगलं खडसावलं. "अंकल, हट्ट कसला? एकदा वाजवलं तर काय बिघडतं?"

"तू नको काळजी करू, बाय. प्लायवूड आहे. बनवलं तसं फोडता येतं." आणि स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते शोधायला लागले. तो त्यांच्या खिशातच होता.

त्याच महिन्यात मुग्धाचं लग्न होतं. हळद आमच्या अंगणात. माझी तयारी चोख होती: मांडव, पाट, हळदीचं वाटण, जेवण, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या त्याचं खडूने आखलेलं चित्र. माझ्या नवऱ्याने बँजो पार्टी ठरवली होती. मुग्धाने ती परस्पर रद्द केली.

"हळदीला पास्कल अंकल," ती म्हणाली. "नाहीतर मी हळद लावून घेणार नाही."

"अगं, पण लोकांना गाणी लागतात. अख्खी."

"आई, तुला कधी नाचायचं असतं का? नाही ना? मग तू जेवणाचं बघ."

हळदीच्या दिवशी अंकल चारपासून खोलीत. चर्चमध्ये मिस्सेला घालतात तो पांढरा शर्ट. आणि त्या दिवशी रविवार नव्हता, टँकर नव्हता, म्हणून मी प्रथमच अंगणात उभी राहून काय चालतं ते नीट पाहत होते. आगाशीहून माझे दादा-वहिनी, मामी, सगळी मंडळी आली होती. दोन्ही विंग खाली. नाईक सर पहिल्या रांगेत खुर्ची घेऊन, हाताची घडी घालून बसले होते. खोली रिकामी व्हायला दोन दिवस होते आणि ते प्रत्येकाला माहीत होतं.

होडी समुद्रात गेली. बायको किनाऱ्यावर उभी राहिली. वारा फिरला.

आणि ढोलकी सुटली.

मी रविवारी ती वरून ऐकलेली होती, खिडक्या लावून. खाली उभं राहून ऐकलं की ती कानात येत नाही, पायातून वर चढते. माझ्या मामी, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलेल्या, गोलात शिरल्या. हळदीने माखलेली मुग्धा पाटावरून उठली. बी विंगच्या वहिनी आणि ए विंगच्या वहिनी, ज्या पाण्याच्या व्हॉल्व्हवरून दिवाळीपासून बोलत नव्हत्या, समोरासमोर येऊन असं काही नाचून भांडल्या की बघणारे मागे सरले. अंकल डावा हात, उजवा हात, नजर टिकलीवर, आणि तोंड माइकला लावलेलं.

"मुग्धा, प्राजक्ताची!" ते ओरडले. "रामसूरत, जौनपूरचा! दत्ताराम, कुडाळचा!"

दत्ताराम कोण हे क्षणभर कुणाला कळलं नाही. मग नाईक सरांनी हाताची घडी सोडली आणि चष्मा काढून पुसला.

"इंदू, आगाशीची!"

माझे दादा जोरात ओरडले. मामींनी शिट्टी मारली, त्यांना येते हे मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा मागे वळून बघायला लागला, ही इंदू कोण आली म्हणून. मी काय केलं ते नीट सांगता येणार नाही. हातातला डाव कुणाकडे तरी दिला एवढं आठवतं. मी नाचले असं लोक म्हणतात, आणि फोटोही आहेत.

अंकलचे आभार मानायचं माझ्या यादीत शेवटी होतं, जेवणानंतर. पण गोलात उभी असताना माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत सगळ्यांची नावं त्या पेट्यांतून निघाली आणि एक नाव मात्र निघालं नाही. आमच्यासाठी ते अंकल. पोरांसाठी डीजे अंकल. मुलगा फोनवर डॅड म्हणतो. त्या माणसाला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं.

मी गर्दीतून वाट काढत दाराशी गेले आणि माइक स्वतःकडे वळवला. वयाने एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. ठेकाही मला पकडता आला नाही, मी मध्येच कुठेतरी बोलले.

"पास्कल," मी म्हटलं. "फ्रॉम वसई."

आधी रामसूरतने काठी वर केली. मग अख्ख्या अंगणाने हात वर केले. "पास्कल!" पोरं ओरडली. "फ्रॉम वसई!"

अंकलचा डावा हात तबकडीच्या वर, हवेतच राहिला. टिकली फिरून गेली. पुन्हा फिरून गेली. ढोलकी संपली आणि त्यांनी काहीच केलं नाही. आणि ती बाई, जिला आम्ही कधी दम घेऊन झाल्यावर ऐकलं नव्हतं, गायला लागली.

नाचणारे होते तिथेच उभे राहिले. आवाज तोच, पण चाल जरा संथ. लांबवर शीड दिसतं, म्हणाली. कुणाचं ते कळत नाही. मग कळतं. बायको पाण्यात धावत जाते, गुडघाभर, कमरेभर. होडी किनाऱ्याला लागते. नवरा उतरून तिच्या डोक्यावर मासळीची टोपली देतो, आणि दोघं घरी जातात. बस्स, एवढंच.

गाणं संपल्यावर सुई नुसतीच खरखरत राहिली. नाईक सर खुर्चीतून उठले. त्यांच्या शर्टाच्या खिशात अर्जाची प्रत होती, चार घड्या घातलेली. ती त्यांनी सगळ्यांसमोर फाडली, तुकडे पुन्हा व्यवस्थित खिशात ठेवले आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे."

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले, आणि जेवणाला उशीर झाला, आणि माझी पुढची यादी कोलमडली.

लग्न पार पडल्यावर मी सकाळी खोलीकडे गेले. आगाशीच्या मंडळींनी सुकेळी आणली होती, त्यातली थोडी घेऊन गेले. ठराव रद्द झाल्याचं सांगितलं. अंकलनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कोळीगीताची तबकडी पुढे धरली.

"हा ठिपका बघितलास कधी?"

कागदी गोलावर, टिकलीच्या दुसऱ्या बाजूला, लाल नेलपॉलिशचा एक बारका ठिपका होता. मला तो आजवर डाग वाटला होता.

"ही फिलूची तबकडी. माझी ती दुसरी. फिलूने कुठे न्यूयॉर्क बघितलं होतं? पण मी बोटीवरून यायचा असलो की होळीच्या घरात प्लेयर उघडून बसायची. फाटक वाजलं की सुई नेमकी इथे ठेवायची. मी बॅग घेऊन ओटीवर चढायचो, आणि आत होडी किनाऱ्याला लागायची."

त्यांनी एक सुकेळं हातात घेतलं, खाल्लं नाही.

"ती गेल्यावर मी आपला मधेच फिरत राहिलो."

बाहेर पंप सुरू झाला. अंकलनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. एक लाल टिकली अलगद सोडवून त्या ठिपक्याच्या शेजारी लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

"इंदू," ते म्हणाले, "रविवारी सरांना सांग, खुर्ची घेऊन या."